आइस शो आणि क्रूझवर प्रोफेशनल स्केटर म्हणून काम – लेकीसाठी माहिती हवी आहे

मृणाल_जर्सी

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे. इथे शोधून बघितलं पण यावर कुणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून नवीन धागा काढतेय.

लेक हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणापासून फिगर स्केटिंग करते. स्केटिंग स्किल्सची गोल्ड टेस्ट झालीये (पूर्वी जिला सीनियर म्हणायचे ती), उड्यांमधे डबल फ्लिपपर्यंत (डबल म्हणजे हवेत दोन फेऱ्या) सगळं पक्कं आहे, डबल ॲक्सल (पुढे तोंड करून मारायची उडी, अर्धी फेरी जास्त) सरावात येतो पण स्पर्धेत हुलकावणी देतो. ट्रिपल नाहीत आणि आता येतील असं तिच्या कोचनाही वाटत नाही. त्यामुळे मी धरून चालले होते की आता कॉलेज, अभ्यास आणि स्केटिंग फक्त हौसेपुरतं. तर मागच्या आठवड्यात जेवताना तिने सांगितलं की तिला कॉलेज एक वर्ष पुढे ढकलून आइस शोमधे काम करायचंय, टूरवरचा नाहीतर क्रूझवरचा, आणि तिची तयारी पण सुरू आहे म्हणे.

घरात तेव्हापासून दोन तट पडलेत. नवरा म्हणतो एका वर्षाचा प्रश्न आहे, जाऊ दे. सासूबाई सध्या इथेच आहेत, त्यांचं एकच, "जहाजावर नाचायला पाठवणार का पोरीला?" मी मधे. मला यातलं खरंच काही माहीत नाही. ट्रिपल नसताना घेतात का? ऑडिशन कशी होते? राहणं, खाणं, पगार? मुलीने एकटीने जाणं सुरक्षित आहे का? आणि एका वर्षाची पाच वर्षं होतात का? कुणी स्वतः केलं असेल किंवा ओळखीत कुणी असेल तर प्लीज लिहा.

विदुला

वाचतेय. माझी भाची पण स्केटिंग करते (टोरंटो), अजून लहान आहे पण हे सगळं कळलं तर हवंच आहे.

निशांत_के

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ज्यांना स्पर्धेत पुढे जाता येत नाही ते लोक शोमधे जातात असाच माझा समज आहे. इतकी वर्षं पहाटे उठून रिंकवर नेणं, कोचची फी, बूट, ब्लेड, हा सगळा खर्च काय कार्टूनचा मुखवटा घालून बर्फावर फिरण्यासाठी केला का? त्यापेक्षा सरळ कॉलेज करावं.

ईशा_बर्फावरची

मृणालताई, मी केलंय हे काम. आधी टूर, मग क्रूझ, आता शिकागोजवळ लहान मुलांना शिकवते. माझी आई नाशिकची, तिलाही तेव्हा अगदी हेच प्रश्न होते, त्यामुळे तुमची पोस्ट वाचल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. लांबलचक होणार आहे.

निशांत, आधी तुमच्याबद्दल. शो म्हणजे हरलेल्यांची जागा हे मी खूप ऐकलंय आणि मला ते मुळीच पटत नाही. सोन्या हेनीने १९२८, १९३२ आणि १९३६ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली आणि त्याच वर्षी ती प्रोफेशनल झाली, अमेरिकेत शो करायला लागली, सिनेमात गेली. शोंचं बघा, आइस फॉलीज १९३६ चं, आइस कपेड्स १९४० चं, हॉलिडे ऑन आइस १९४३ ला ओहायोतल्या टोलीडोमधे सुरू झालं आणि युरोपात अजून चालू आहे. डिस्नेचे बर्फावरचे शो १९८१ पासून आहेत. स्कॉट हॅमिल्टनने १९८४ ला ऑलिंपिक जिंकलं आणि दोनच वर्षांनी स्टार्स ऑन आइस उभं केलं. तारा लिपिन्स्की १९९८ ला पंधराव्या वर्षी ऑलिंपिक चॅम्पियन झाली आणि लगेच त्याच टूरवर गेली. ही माणसं हरलेली नव्हती. आणि आमच्यासारख्या एन्सेम्बलमधल्या (मागच्या समूहातल्या) पोरी, ज्यांचं नाव पोस्टरवर नसतं, त्यांना सुद्धा हे काम येतं म्हणूनच घेतलेलं असतं. लोक तिकीट काढून येतात, आम्हाला पगार मिळतो, म्हणजे तो व्यवसाय झाला. स्पर्धेपेक्षा वेगळं कसब लागतं त्याला, आणि स्पर्धेत खूप वर जाणाऱ्या काही जणींना ते जमत नाही हे मी डोळ्याने पाहिलंय.

आता ट्रिपलबद्दल, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. नाही लागत. असतील तर सोलोसाठी, मुख्य भूमिकेसाठी फायदा नक्कीच. पण एन्सेम्बलमधे सिंगल ॲक्सल आणि दोन-तीन डबल असलेल्या कितीतरी मुली असतात, फक्त ते डबल कसे हवेत, तर झोपेतून उठवून करायला सांगितले तरी न पडता होतील असे. टूरवर शनिवारी तीन-तीन शो असतात, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, आणि संध्याकाळच्या शोला आलेल्या पोराने पण पूर्ण तिकीट काढलेलं असतं ना. स्पर्धेत अवघड उडी मारून पडलीस तरी थोडे मार्क हाती लागतात. इथे पडलीस तर तुझ्या मागून येणाऱ्या मुलीच्या वाटेत तू आडवी.

दुसरं म्हणजे दोन्ही दिशा. बहुतेक स्केटर डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरतात, उड्या आणि स्पिन त्याच दिशेने, त्यामुळे त्या बाजूचे क्रॉसओव्हर (वळताना पायावरून पाय टाकत वेग घेणं) दणदणीत आणि दुसऱ्या बाजूचे लंगडे असतात. शोमधे कोरिओग्राफर सांगेल त्या बाजूला जायचं, अख्ख्या ओळीबरोबर, त्याच वेगाने. तुमच्या लेकीची गोल्ड टेस्ट इथे कामी येणार बघा, उड्यांपेक्षा जास्त.

पिनव्हील म्हणून एक रचना असते, सगळे एका रेषेत आणि ती रेष मधल्या बिंदूभोवती पंख्यासारखी फिरते. मधली मुलगी जवळजवळ जागच्या जागी पाय हलवते आणि टोकाची जिवाच्या आकांताने धावते, पण बघणाऱ्याला दोघी सारख्याच निवांत दिसल्या पाहिजेत. मान वळवून बाजूला बघायचं नाही, डोळ्यांच्या कडेने शेजारणीचा खांदा दिसतो तेवढ्यावर रेष सांभाळायची. मी कायम टोकाला असायचे कारण माझ्यात जोर होता. एकदा मधे उभं केलं तर मला इतकं अवघड गेलं, हळू असूनही तालात राहणं हे वेगळंच काम आहे.

ऑडिशन, पगार वगैरे पुढच्या प्रतिसादात, आता क्लास आहे.

मृणाल_जर्सी

ईशा, किती मनापासून लिहिलंस गं! लेकीला वाचून दाखवलं (तिला मराठी वाचता येत नाही पण कळतं सगळं), दोन्ही दिशांचं ऐकून म्हणाली "सी, आय टोल्ड यू". सावकाश लिही, घाई नाही.

तारवटी_मडगाव

मी स्केटर नाही, पण जहाजावर बरीच वर्षं काढली, हॉटेल डिपार्टमेंटला. आमच्या गोव्यात घरटी एक माणूस जहाजावर असतो म्हटलं तरी चालेल, त्यामुळे आजींच्या काळजीचं उत्तर मी देतो.

बर्फाची रिंक असलेलं पहिलं प्रवासी जहाज म्हणजे रॉयल कॅरिबियनचं व्हॉयेजर ऑफ द सीज, १९९९ चं. त्यानंतर त्यांनी व्हॉयेजर, फ्रीडम, ओॲसिस आणि आता आयकॉन या वर्गाच्या सगळ्या जहाजांवर रिंक ठेवली. सगळ्याच जहाजांवर नाही बरं का, त्यांच्याच क्वांटम वर्गाच्या जहाजांवर नाही. म्हणजे क्रूझवर स्केटर व्हायचं तर मुख्य दार एकाच कंपनीचं. जुन्या जहाजांवर रिंक खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी असते, त्याला कारण आहे. जहाज डोलतं तेव्हा टोकं आणि वरचे मजले जास्त हलतात, मधे आणि खाली सगळ्यात कमी.

स्केटर लोक इतर क्रूसारखेच क्रूच्या केबिनमधे राहतात, बहुधा दोघांत एक. केबिन लहान, खिडकी नाही, बंक बेड. खाणं आणि केबिन फुकट, वायफायला कंपनीप्रमाणे पैसे पडतात. पण एक गोष्ट सगळ्यांना सारखी. स्केटर असो की कुक असो, आणीबाणीत प्रत्येकाला काम नेमून दिलेलं असतं, सेफ्टी ट्रेनिंग आणि ड्रिल चुकत नाही. आमच्या मस्टर स्टेशनला (आणीबाणीत जमायची जागा) एक स्केटर मुलगी होती, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते पाहुण्यांना ती दाखवायची आणि गर्दी आवरायची, आवाज खणखणीत.

सुरक्षिततेबद्दल आजींना सांगा, जहाजावर कॅमेरे सगळीकडे असतात, चोवीस तास सिक्युरिटी, दवाखाना, आणि क्रू आणि पाहुणे यांच्यात काय चालतं काय नाही याचे नियम इतके कडक की मोडला तर पुढच्या बंदराला घरी. दारूची पण तपासणी होते. पोरगी मुंबई-पुण्यात पीजीमधे राहते त्यापेक्षा इथे जास्त लक्ष असतं असं माझं मत. एकटेपणा मात्र येतो, तो खोटं सांगून लपवू नये. गणपतीत मी दरवर्षी समुद्रातच असायचो.

निशांत_के

ईशा, सोन्या हेनीबद्दल माहीत नव्हतं. मुद्दा मान्य. पण एक शंका, एकदा पैसे घेऊन शो केले की परत स्पर्धेत जाता येत नाही ना? म्हणजे दार कायमचं बंद.

ईशा_बर्फावरची

निशांत, चांगला प्रश्न. पूर्वी खरंच बंद व्हायचं. प्रोफेशनल झालात की ऑलिंपिक संपलं. नव्वदच्या दशकात नियम सैल झाले, म्हणून १९९४ ला लिलहॅमरला कातारिना विट, ब्रायन बॉइतानो, टॉर्विल आणि डीन असे प्रोफेशनल झालेले लोक परत उतरू शकले. आताही मान्यता नसलेल्या शोमधे उतरलं तर पात्रतेचा प्रश्न येऊ शकतो, त्यामुळे ज्यांना स्पर्धेत परत जायचंय त्यांनी सही करायच्या आधी फेडरेशनला लेखी विचारावं. मृणालताईंच्या लेकीने ते मनातून सोडलंय असं दिसतंय, तर तिला याची झळ नाही.

आता ऑडिशन. बहुतेक ठिकाणी आधी व्हिडिओ पाठवायचा असतो. टूर गावात आलेली असेल तर काही कंपन्या शोच्या आधी किंवा मधल्या वेळेत त्याच बर्फावर ऑडिशन घेतात, तिथे दहा-पंधरा जणांना एकदम उतरवून एक छोटी कोरिओग्राफी शिकवतात आणि बघतात कोण पटकन उचलतं. वय १८ पूर्ण लागतं. व्हिडिओबद्दल मी माझ्या विद्यार्थिनींना जे सांगते ते इथे लिहिते. पहिल्या अर्ध्या मिनिटात बघणाऱ्याला तू कळली पाहिजेस. कास्टिंगवाल्यांकडे ढीग असतो, ते शेवटपर्यंत बघतीलच असं नाही. म्हणून स्पर्धेचा अख्खा प्रोग्रॅम पाठवायचा नाही. आधी वेग दाखव, दोन्ही बाजूंचे क्रॉसओव्हर, मोठ्या खोल एज (ब्लेडच्या एका कडेवर झुकून घेतलेली वळणं), मग स्पायरल, स्प्रेड ईगल किंवा इना बावर या घसरत धरायच्या पोझपैकी जे सुंदर असेल ते, मग स्पिन, मग पक्क्या उड्या. हायड्रोब्लेड येत असेल तर नक्की, बर्फाला जवळजवळ अंग टेकवून गेलेली मुलगी प्रेक्षकांना फार आवडते आणि स्पर्धेत त्याला फारसं मोल नाही. बॅकफ्लिप (हवेत मागे कोलांटी) येत असेल तर सोन्याहून पिवळं. स्पर्धेत त्यावर १९७७ पासून बंदी होती, ती २०२४ ला उठली, पण शोमधे ती कायम चालायची. (स्वतः शिकायला जाऊ नका घरच्या घरी! हार्नेस आणि जाणकार कोच असल्याशिवाय नाहीच.) व्हिडिओत जाकीट, स्वेटशर्ट, ढगळ पँट नको, अंगाची रेष दिसली पाहिजे. कॅमेरा आडवा धरा, जवळ ठेवा, बोर्डाच्या (रिंकच्या कठड्याच्या) काचेतून घेऊ नका. एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण उभा फोटो.

आणि चेहरा! आपल्या पोरींना स्पर्धेत उडीच्या आधी कपाळाला आठी पाडायची सवय असते. शोमधे सगळ्यात वरच्या रांगेत बसलेल्या माणसाला तुझा आनंद दिसला पाहिजे. तुमची लेक लहानपणी भरतनाट्यम वगैरे शिकली असेल तर ते रीलमधे (ऑडिशनच्या व्हिडिओत) सांगू नका, पण अंगात वापरायला सांगा, डोळे आणि मान यांचा इतका फायदा होतो की बास.

थिएटर ऑन आइसची (बर्फावर नाटकासारखं सादर करणारी) टीम जवळपास असेल तर तिथे एक सीझन जरूर करावा. सिंक्रो (समूहाने एकसारखं स्केटिंग) केलेल्या मुलींना पण फायदा होतो, सोळा जणींबरोबर श्वास जुळवायची सवय असते.

विदुला

हे सेव्ह करून ठेवतेय. ईशा, जहाजावर प्रत्यक्ष कसं असतं गं? डोलत्या जहाजावर उडी मारायची म्हणजे मला वाचूनच पोटात गोळा आला.

ईशा_बर्फावरची

सांगते. एनएचएलची (हॉकी लीगची) रिंक २०० बाय ८५ फूट असते. व्हॉयेजरसारख्या जहाजावरची साधारण ६० बाय ४०. आपल्याकडचा मोठा हॉल म्हणा. पहिल्या रिहर्सलला मी सवयीने वेग घेतला आणि तिसऱ्या क्रॉसओव्हरला समोर बोर्ड. तिथे सगळं नव्याने शिकावं लागतं. दोन क्रॉसओव्हर, एक मोहॉक (पाय बदलून वळणं), की उडी. जागा नाही म्हणून उडी लांब जाऊन चालत नाही, उंच जायला हवी. त्यात शो सुरू झाला की हॉलमधे अंधार, फॉलो स्पॉट (स्केटरच्या मागे फिरणारा झोत) सरळ डोळ्यात, बोर्ड दिसतच नाही, फक्त पायाला कळत असतं की आता कोपरा आला.

आणि समुद्र. शांत असेल तर काही जाणवत नाही. थोडा खवळला की उभी राहिलेली असतानाच ब्लेड आपोआप एका बाजूला सरकायला लागतं. हवेत असताना खाली बर्फ वर आलेला असतो नाहीतर खाली गेलेला असतो, म्हणजे जमीन तुला वाटते त्याच्या आधी येते किंवा उशिरा येते. तेव्हा परफॉर्मन्स कॅप्टन शोच्या आधी सगळ्यांना बोलावतो आणि ठरवतो, आज डबलच्या जागी सिंगल, आज लिफ्ट नाही, आज जोडीतल्या मुलाने मुलीला डोक्यावर उचलायचं नाही. अगदीच वाईट असेल तर शो रद्द. हा निर्णय कुणीही हिरोगिरी करून धुडकावत नाही. धुडकावणारा माणूस दुसऱ्या काँट्रॅक्टला दिसत नाही.

बर्फसुद्धा वेगळा. हॉकीचा बर्फ जास्त थंड आणि कडक ठेवतात, आपल्याला थोडा मऊ लागतो म्हणजे टो पिक (ब्लेडच्या पुढचे दात) नीट रुततो. शोमधे दिव्यांनी तो आणखी मऊ होतो, दुसऱ्या शोला कधी कधी पाण्याचे ओघळ असतात. त्यामुळे ब्लेडची धार हा रोजचा विषय. ज्याच्या त्याच्या हातात ब्लेड देऊ नये, एका वाईट धारेने रॉकरचा (ब्लेडच्या खालच्या बाकाचा) आकार जातो आणि मग स्पिन सापडत नाही. आम्ही बंदरात उतरल्यावर धार लावणारा शोधत फिरायचो.

जहाजावर काम फक्त शोचं नसतं हे पण लेकीला सांगा. रिंकवर पाहुण्यांसाठी ओपन स्केटिंग असतं, तिथे भाड्याचे बूट काढून देणं, लेस बांधून देणं, पडलेल्याला उचलणं हे स्केटरकडे असतं. काही जणींना हे कमीपणाचं वाटतं. मला तो वेळ फार आवडायचा. आयुष्यात बर्फ न पाहिलेली माणसं येतात, बोर्डाला घट्ट धरून एक फेरी मारतात आणि इतकी खूश होतात!

मृणाल_जर्सी

तारवटीदादा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा ऐकला. मग विचारलं की त्या स्केटर मुलीला लाइफ जॅकेटचं काम कसं काय दिलं, तिला येत होतं का. म्हटलं शिकवतात. "मग नुसतं नाचणं नाहीये" एवढं म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्यांच्यासाठी हे बरंच आहे.

ईशा, टूरबद्दल पण लिही ना. आणि पैशाचं राहिलं.

ईशा_बर्फावरची

टूर म्हणजे दर आठवड्याला नवीन गाव. बुधवारी-गुरुवारी शो सुरू, रविवारी रात्री शेवटचा संपला की ट्रक भरायचे, सोमवारी प्रवास, तुमचं सगळं आयुष्य दोन बॅगांत. हॉटेलची खोली साधारणपणे दोघींत एक. ज्या गावात बर्फाची रिंक नाही तिथे कंपनी स्वतःचा बर्फ घेऊन जाते, म्हणजे पाइपांचं जाळं अंथरतात, त्यातून गारठवलेलं ग्लायकॉलचं पाणी फिरवतात आणि वर पाण्याचे थर मारून गोठवतात. अशा बर्फावर कडेला पातळ जागा राहते, ती पहिल्याच सरावात पायाने ओळखून ठेवायची.

निशांतच्या मुखवट्याबद्दल. मी तो घातलाय. आत बसल्यावर जाळीतून समोरचा छोटासा तुकडा दिसतो, पायाखालचं काहीच दिसत नाही, बाजूचं दिसत नाही, स्वतःच्या श्वासाचा आवाज संगीतापेक्षा मोठा येतो. त्यात तू आकडे मोजत एज धरायची, वळायचं, आणि चेहरा कुणाला दिसत नसताना आनंद फक्त खांद्यांनी आणि हातांनी दाखवायचा. पहिल्या रांगेतलं पोरगं हात हलवतं तेव्हा त्याच्या दिशेने वळून त्याला हात करायचा, कारण त्याच्या दृष्टीने आत कुणी माणूस नाही. मी आजवर बर्फावर केलेलं सगळ्यात अवघड काम ते होतं.

साधी युक्ती: टाइट्स बुटांवरून खालपर्यंत ओढायच्या. पाय लांब दिसतो आणि लेस अडकत नाही. कॉश्च्युम बदलायला कधी कधी एक मिनिट पण मिळत नाही, अंधारात, ब्लेडला गार्ड लावून रबराच्या मॅटवर, दुसरी कुणीतरी पाठीची चेन लावत असते.

पैसा. आकडा लिहीत नाही कारण कंपनी, भूमिका आणि अनुभवाप्रमाणे खूप फरक पडतो. श्रीमंत होणार नाही. पण राहणं, प्रवास आणि जहाजावर खाणंही निघाल्यामुळे जे मिळतं त्यातलं बरंचसं शिल्लक राहतं, आणि स्केटिंगवर आयुष्यभर फक्त खर्च करणाऱ्या घराला पहिल्यांदा त्यातून पैसे येताना दिसतात. माझी पहिली बचत बुटांवरच गेली, पण ते बूट मी स्वतःच्या पैशाने घेतले होते.

काँट्रॅक्ट क्रूझचं साधारण सहा ते नऊ महिन्यांचं, टूरचं एका सीझनचं. सही करायच्या आधी विचारून घ्या: रिहर्सलच्या आठवड्यांचे पैसे मिळतात का, दुखापत झाली तर उपचार कोण करणार आणि पगार चालू राहतो का, घरी परतायचं तिकीट कुणाचं, बूट-ब्लेडचा खर्च कुणाचा. मी एका छोट्या टूरवर होते, नाव घेत नाही, तिथे शेवटच्या दोन आठवड्यांचे पैसे मिळायला सहा महिने मागे लागावं लागलं. काँट्रॅक्टमधे तारीखच लिहिलेली नव्हती.

दुखापतीचं मोकळेपणाने बोलूया. घोटा, कंबर, पाठ. एकच उडी एकाच पायावर सीझनभर रोज, वर पुरेसा वॉर्मअप न करता. एक जण बसली की बाकीच्यांची जागा बदलते, स्विंग म्हणून एक मुलगी असते जिला सगळ्यांचे ट्रॅक (कुणी कुठे काय करायचं ते) पाठ असतात. दुखत असताना सांगायची हिंमत लेकीमधे आहे का हे बघा. माझ्या मते एन्सेम्बलमधे टिकण्यासाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट.

तारवटी_मडगाव

ईशाताईंच्या काँट्रॅक्टच्या मुद्द्याला जोडून. जहाजावर आंतरराष्ट्रीय कामगार करार लागू असतो, एमएलसी २००६. त्यात कामाच्या तासांना मर्यादा आहे, २४ तासांत किमान दहा तास विश्रांती, घरी परत पाठवायची जबाबदारी मालकाची, आणि नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला मनाई आहे. मेडिकल, पासपोर्ट हा खर्च वेगळा, व्हिसाचा खर्च मात्र मालकाचा. आपल्याकडून कुणी भारतीय पासपोर्टवर जाणार असेल तर एजंटकडे डीजी शिपिंगचं (भारत सरकारचं जहाज खातं) आरपीएसएल लायसन्स (जहाजावर नोकरी लावून द्यायचा परवाना) आहे का ते आधी बघा, अमेरिकन बंदरांसाठी सी१/डी (क्रूचा) व्हिसा लागतो. "जॉइनिंग फी" म्हणून लाख-दोन लाख मागणारे खूप आहेत. दार बंद करा त्यांना.

रोलरदादा_पुणे

धागा आवडला. मी पुण्यात आर्टिस्टिक रोलर शिकवतो. आमच्याकडे कमालीच्या पोरी आहेत, डबल मारतात, पण बर्फ कुठे? लहानपणी एस्सेल वर्ल्डच्या रिंकवर गेलो होतो तेवढाच. गुरगावच्या मॉलमधली रिंक आहे, शिमल्याला थंडीत उघड्यावर बर्फ धरतो, देहराडूनची आहे. महाराष्ट्रातल्या मुलीने या वाटेला जायचं म्हटलं तर काही मार्ग आहे का, की हे परदेशातल्या मुलांपुरतंच?

ईशा_बर्फावरची

दादा, तारा लिपिन्स्कीची सुरुवात रोलरवरच झाली होती, म्हणजे वाट आहेच. रोलरवाल्या मुली बर्फावर आल्या की पहिले काही आठवडे एज फार खोल वाटते आणि थांबता येत नाही, पण शरीराला फिरण्याचा अक्ष माहीत असतो, अंगात ताल असतो, आणि शोमधे त्याची किंमत आहे. पुढे टो स्टॉप असलेले इनलाइन फिगर स्केट्स मिळतात, त्यावर तयारी करून मग बर्फावर सलग दोन-तीन महिने काढता आले तर कळेल कुठवर पोचता येतंय ते. खर्चाचं आहे, पण अशक्य नाही. शिवाय क्रूझवर आणि थीम पार्कमधे रोलरचे शो पण असतात, तुमच्या पोरींनी तिथे थेट व्हिडिओ पाठवावेत, बर्फाची वाट बघत बसू नये.

युरोप पण लक्षात ठेवा. जर्मनीत युरोपा पार्कला आइस शो असतो, इंग्लंडमधे ब्लॅकपूलला उन्हाळ्यात दशकानुदशकं चालू आहे. एकाच जागी राहायचं, रोज तोच बर्फ, पहिल्या नोकरीसाठी उत्तम.

निशांत_के

मुखवट्याबद्दल जे लिहिलं होतं ते शब्द मागे घेतो. बायकोला पण वाचायला दिला हा धागा. मुलगा सात वर्षांचा आहे, बर्फावर जायचं म्हणून मागे लागलाय, या शनिवारी नेतो.

मृणाल_जर्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही चौघं बसलो आणि ठरलं: कॉलेजचे अर्ज करायचे, ॲडमिशन झाली की एक वर्ष पुढे ढकलायची लेखी परवानगी घ्यायची, आणि तोवर ऑडिशन द्यायची. आलं काँट्रॅक्ट तर ते आधी माझ्या वकील मैत्रिणीला दाखवायचं. रविवारी सकाळी रिंक भाड्याने घेतलीये रीलसाठी. ईशा, शेवटचा एकच प्रश्न: डबल ॲक्सल टाकायचा का? तिचा हट्ट आहे.

ईशा_बर्फावरची

रविवारी आधी बाकीचं सगळं शूट करून घ्या, पाय ताजे असताना. मग दहा मिनिटं फक्त डबल ॲक्सल. दहातले आठ उभे राहिले तर टाका, त्यातला सगळ्यात उंच असलेला. नाहीतर त्या जागी एकच सिंगल ॲक्सल, मोठा, लांब थांबलेला लँडिंग आणि त्यातून थेट उजव्या बाजूच्या क्रॉसओव्हरमधे जाणारा. आणि व्हिडिओ पाठवायच्या आधी मला मेसेज करा, मी बघते.